चंद्राचा वार

आमच्या वटारच्या वाचनालयाच्या ओट्यावर एक काळा फलक होता आणि त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहिण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. आज तेथे ही गोष्ट कोणास सांगितली तर खरी वाटणार नाही. फलक उरला नाही, ओट्यास चकचकीत फरशी बसली आहे. परंतु त्या काळी केळीचे घड आणि फुलांच्या पाट्या घेऊन निघालेली माणसे त्या फलकापाशी क्षणभर थांबत, मान वर करून वाचत, आणि मग पुढे जात. या तारखेला अमुक शोध लागला, या तारखेला अमुक राज्य बुडाले, या तारखेला अमुक थोर पुरुष जन्मास आले. पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला सर झाला त्या दिवशी मी फलकास झेंडूची माळ घालीत असे. मी दहावीस इंग्रजी आणि गणित या दोन विषयांत अनुत्तीर्ण झालो होतो व पुन्हा परीक्षेस बसलो नव्हतो. तथापि वाचनालयातील तपकिरी पुठ्ठ्याचे दिनविशेषांचे जाड पुस्तक मला जवळजवळ मुखोद्गत होते. वर्षातील कोणताही दिवस विचारा, त्या दिवशी जगात काय घडले ते मी सांगत असे. गावातील पदवीधर मुलेही मला विचारीत. माझे अक्षर चांगले होते. ते आजही आहे. कचेरीबाहेर छत्रीखाली टेबल मांडून बसणाऱ्या आम्हा अर्जनवीसांत माझे अक्षर पाहून साहेबलोक अर्ज ओळखतात. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यात त्या अक्षराचाही भाग आहे, म्हणून लिहितो.

बाबा गेल्यानंतर घरात आम्ही तिघेच होतो: आई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा दादा, आणि मी. घर लहान, मागे वाडी, वाडीच्या टोकाला बावखल. आमच्या भागात प्रत्येक वाडीला असे एक खोलगट तळे असते, त्यातलेच पाणी पानवेलींना आणि केळींना जाते. पहाटे इंजिन सुरू झाले की त्याचा ठक् ठक् आवाज आणि पलीकडच्या चर्चची घंटा एकमेकांत मिसळत, आणि त्या आवाजात आई तांदळाची भाकरी थापीत असे. तव्यावर जवळा परतल्याचा वास अंथरुणापर्यंत येई. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली सुकेळी ती पत्र्याच्या डब्यात जपून ठेवी आणि घरात कोणी परीक्षेस, मुलाखतीस वा कचेरीत निघाले की हातावर एक ठेवी. साखर ठेवायची ती रीत आमच्याकडे सुकेळीने पाळली जाई.

आईला अक्षरओळख नव्हती. मात्र तिचे स्वतःचे एक पंचांग होते आणि गावातील बायका ते मानीत. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाला वय सांगायचे झाले, की बाई आमच्या ओसरीवर येऊन बसे. "काकी, माझा मधला कधी झाला गे?" आई भाकरीवरचा हात न थांबवता सांगे, "खाडीचं पानी बांध फोडून आत आलं ना, त्याच्या तिसऱ्या दिवशी. तुझी सासू तेव्हा गुडघाभर पान्यात उभी राहून आरडत होती." ती बाई हसत, खात्रीने उठून जाई. माझ्या फलकावर जगाचा इतिहास असे आणि आईच्या ओसरीवर गावाचा. तेव्हा मी दुसऱ्याला इतिहास समजत नव्हतो.

तिच्या पंचांगातला सर्वांत मोठा दिवस दादाचा होता. "चंद्रावर मानूस उतरला त्या सकाळचा तू," असे ती त्याला लहानपणापासून सांगत आली होती. कुंपणापलीकडच्या फिलू मावशीला त्याच सकाळी आंतोन झाला. दोन्ही घरांना सुईण एकच. ती या दारातून त्या दारात धावत होती, आणि रस्त्यापलीकडच्या घरी रेडिओ मोठ्याने लावलेला होता. फिलू मावशी कुंपणाच्या फटीतून हात घालून वालाच्या शेंगा देई आणि म्हणे, "अगो, त्या दिवशी सुईनीला चंद्रावर जायला सांगितलं असतं तरी लवकर पोचली असती. माझ्याकडं यायलाच तिला उशीर." दादा अंगणात उभा असला आणि चंद्र वर आलेला असला की आई त्याला म्हणे, "बघ, तुझा भाऊ आला." दादा पंचविशीला टेकलेला, मिशीवाला माणूस, तोही अशा वेळी लाजत असे.

हा दादा आयटीआय करून फिटर झाला होता आणि गोखिवऱ्यातील एका लहान कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर कामाला जात असे. कायम नव्हता, हजेरीपटावर नावही नव्हते. संध्याकाळी घरी आला की अर्धा तास आम्ही बोललेले त्याला नीट ऐकू येत नसे. प्रेसचा ठोका कानात राहतो, असे तो म्हणे. त्या वर्षी उन्हाळ्यात एका सरकारी कारखान्याची फिटरच्या जागांची जाहिरात वर्तमानपत्रात आली. ती मीच वाचनालयात पाहिली आणि कागदावर उतरवून घरी आणली. शिक्षण बसत होते, अनुभव बसत होता. अट एकच आडवी येत होती: येत्या एक जुलैला उमेदवाराची पंचवीस वर्षे पूर्ण झालेली नसावीत. दादाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून होती.

एक जून ही काय तारीख आहे, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या पिढीचे आईबाप पोराला हाताला धरून शाळेत नेत आणि गुरुजी जन्मतारीख विचारीत. ती कोणास सांगता येत नसे. मग गुरुजी मुलाकडे पाहून वर्ष ठरवीत आणि पुढे एक जून लिहीत, म्हणजे शाळा उघडताना वयाचा हिशेब सरळ बसे. दादा एक जूनचा, मीही एक जूनचा, आमचा अर्धा वर्ग एक जूनचा. आंतोन तेवढा नव्हता, कारण त्याचा बाप्तिस्मा झाला होता आणि चर्चच्या वहीत त्याचा दिवस लिहिलेला होता. दरवर्षी त्या तारखेला फलक लिहायला निघालो की दादा हटकून म्हणे, "लिही ना वामन, आजचा दिनविशेष: वटारची निम्मी पोरं आज जन्मली. सुईण मेली दमून."

त्या एक जूनमुळे दादा एका महिन्याने मोठा ठरत होता. खरा दिवस लागला तर तो वीस दिवसांनी लहान ठरला असता. जाहिरातीतील मुदत संपण्यास तीन आठवडे होते. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत सापडली नाही. उशिराने नोंद करण्याचा हुकूम कचेरीतून मिळवायचा, त्यासाठी आईचे प्रतिज्ञापत्र आणि एखादा पुरावा जोडायचा, हा मार्ग मला कळला. कचेरीबाहेर तेव्हाही एक म्हातारे अर्जनवीस बसत. दादा म्हणाला, "त्यांच्याकडूनच लिहून घेऊ." मी म्हणालो, "ते काय लिहिणार? एक ठरलेला नमुना आहे त्यांच्याकडे. मी असा अर्ज लिहितो की साहेब उभा राहील." दादाने जाहिरातीचा कागद घडी घालून माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "बघ बाबा. माझ्याकडे दुसरा चान्स नाही. पुढच्या वर्षी खरा दिवस धरूनही मी बाद."

मी तपकिरी पुस्तक घरी आणले, ओसरीवर आईसमोर बसलो आणि तिला पुन्हा सारे सांगायला लावले. तिने सांगितले. रेडिओ, सुईण, चंद्र. मी पान उघडले. मानवाचे चंद्रावर पहिले पाऊल, वीस जुलै. त्या क्षणी मला जो आनंद झाला तसा पुढे कधी झाला नाही. जगाच्या इतिहासातील एवढी थोर घटना आणि माझ्या भावाचा जन्म एकाच तारखेस, आणि ते सिद्ध करणारा मी. मी कागद पुढे ओढला आणि लिहिले: "मी शपथपूर्वक नमूद करते की माझा थोरला मुलगा हा ज्या दिवशी मानवाने चंद्रावर प्रथम पाऊल ठेवले त्याच ऐतिहासिक दिवशी, म्हणजे दिनांक वीस जुलै रोजी सकाळी राहत्या घरी जन्मला." हे वाक्य मला अजून पाठ आहे.

मी ते मोठ्याने वाचत होतो तेव्हा फिलू मावशी कुंपणापाशी उभी होती. तिने विचारले, "वीसला वार कुठला होता रे?"

"वाराचा काय संबंध मावशी?"

"संबंध कसा नाय? आयतारी मी एवढं पोट घेऊन मिसाला चालत गेली होती. फादर बोलले, बाई, पुढच्या आयताराला घरी बस. दुसऱ्या दिवशी आंतोन झाला. म्हनजे सोमवार. बघ तुझ्या पुस्तकात, वीसला सोमवार येतो काय."

पुस्तकात वार नव्हते. मी म्हणालो, "मावशी, हे छापील पुस्तक आहे. साऱ्या जगाने मानलेली तारीख आहे ही. तुमच्या मिसाने ती बदलत नाही."

"बरं बाबा," ती म्हणाली. "तू शिकलेला." आणि शेंगांचा हात मागे घेऊन निघून गेली.

आज पंचविशीतला कोणी माझ्या टेबलापाशी जन्मतारखेचा अर्ज घेऊन येतो तेव्हा मी त्याच्या आईला आधी वार विचारतो. बायका तारीख विसरतात, वार विसरत नाहीत. त्या दिवशी बाजार होता की उपास होता, हे शरीराला आठवते. सोम म्हणजे चंद्र, हे मला चौथीत शिकवले होते. चंद्राचा वार कोणता, एवढे मनाशी विचारले असते तरी मी थांबलो असतो.

पुरावा म्हणून आंतोनच्या बाप्तिस्म्याचा दाखला जोडायचे ठरले: दोन मुले एकाच सकाळी, एकाच सुईणीच्या हातून, आणि त्यातील एकाचा दिवस चर्चच्या वहीत. ही कल्पना माझीच. आंतोनने तो फादरांकडून आणून दिला. इंग्रजीत होता, अक्षरे एकमेकांना जोडून लपेटदार हाताने लिहिलेला, आणि तारीख आकड्यांत नव्हती, शब्दांत होती. आंतोनने विचारले, "वाचलास ना नीट?" मी म्हणालो, "हो." मला ते अक्षर लागत नव्हते. इंग्रजीत नापास झालेला मी आंतोनपुढे ते कबूल करणार नव्हतो. दाखला मी अर्जास टाचणी मारून जोडला.

प्रतिज्ञापत्रावर अंगठा उठवण्यापूर्वी आईने विचारले, "काय लिवलंस त्यात?" मी वाचून दाखवले. ती म्हणाली, "चंद्राचं लिवलंस ना, मग झालं. वीस का एकवीस ते मला काय कळतंय? तू आकडा बघितलास ना?" मी म्हणालो, बघितला. तिने अंगठा उठवला आणि शाईचे बोट पदराला न पुसता किती तरी वेळ तसेच उभे धरून ठेवले.

कचेरीत बोलावले त्या सकाळी आईने आम्हा दोघांच्या हातावर सुकेळे ठेवले. दादाला रजा मिळाली नाही. तो आपले सुकेळे खिशात घालून गोखिवऱ्यास गेला. आई, फिलू मावशी आणि मी कचेरीत गेलो. साहेब मध्यमवयीन, चष्मा लावलेले, आवाज न चढवणारे गृहस्थ होते. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि वर पाहिले. "कोणी लिहिला?" मी उभा राहिलो. "अक्षर छान आहे," ते म्हणाले. मी आईकडे पाहिले. ती हसत होती.

मग त्यांनी टाचणी काढून दाखला पाहिला. पुन्हा प्रतिज्ञापत्र पाहिले. आईला विचारले, "बाई, तुमचा मुलगा आणि यांचा मुलगा एकाच सकाळी झाले?"

"होय साहेब. सुईन एकच. माझ्याकडनं हिच्याकडं गेली, हात बी धुतले नव्हते तिनं."

"मग यांचा एकवीसला आणि तुमचा वीसला कसा?"

आईला प्रश्न कळला नाही. फिलू मावशीला कळला. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "साहेब, चंद्रावर माणूस उतरला ती तारीख वीस जुलै आहे. इतिहासात नोंद आहे."

"आहे ना," साहेब म्हणाले. "पण ती अमेरिकेतली. तिकडे वीसची रात्र होती, तेव्हा इथे एकवीसची सकाळ झालेली होती. मी तेव्हा शाळेत होतो. सोमवार होता. गुरुजींनी सगळ्यांना पटांगणात बसवून रेडिओ ऐकवला होता." त्यांनी चष्मा काढला. "बाईंना आठवतंय ते बरोबरच असेल. पण त्यांनी शपथेवर वीस सांगितलंय, आणि तुमचाच पुरावा म्हणतो एकवीस. दोन तारखांवर मी हुकूम कसा देऊ? नवीन प्रतिज्ञापत्र करा, नवा अर्ज द्या. पुढची तारीख घ्या."

कारकुनाने वही पाहून पुढची तारीख सांगितली. जाहिरातीची मुदत तिच्या आधी संपत होती. मी तसे म्हणालो. साहेबांनी खरोखरच वाईट वाटून मान हलवली. मग आईकडे वळून, समजावणीच्या सुरात ते एवढेच म्हणाले, "बाई, शपथेवर सांगताना नीट आठवून सांगावं."

आई हात जोडून म्हणाली, "चुकलं साहेब माझं. माझ्या लेकराला माझ्या चुकीची शिक्षा नको देऊ."

त्या खोलीत आईची आठवण चुकली नव्हती हे ठाऊक असलेली माणसे तीन होती: साहेब, फिलू मावशी आणि मी. साहेबांनी तर ते बोलूनही दाखवले होते, परंतु आईच्या कानात त्यांचे शेवटचे वाक्यच राहिले. फिलू मावशी माझ्या तोंडाकडे पाहत वाट बघत होती. "तिने आकडा सांगितलाच नव्हता, तो मी घातला," एवढे वाक्य मला बोलायचे होते. मी कागद गोळा केले.

संध्याकाळी दादा आला. त्याला ऐकू येईपर्यंत आम्ही थांबलो. आई म्हणाली, "माझ्याच्यानं घोळ झाला रे. दिवस चुकला माझा." दादाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "आईला नीट आठवलं नाही." भाकरी, जवळा आणि कैरीचे सार होते. दादा जेवला. ताट धुतले. मग खिशातून सकाळचे सुकेळे काढून त्याने परत डब्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी तो गोखिवऱ्याच्या प्रेसवर गेला, आणि त्यानंतर कान जवळजवळ निकामी होईपर्यंत जात राहिला.

नवा अर्ज आम्ही कधीच दिला नाही. कशासाठी द्यायचा होता? आईने चंद्राचे नाव काढणे बंद केले. बायका ओसरीवर येत, विचारीत, आणि ती म्हणे, "मला नको गे विचारू. मी चुकते. पोराचं वाटोळं केलं मी." पहिल्यांदा त्या हसण्यावारी नेत, हळूहळू येईनाशा झाल्या. कोणत्या वर्षी बांध फुटला, कोणाची विहीर कधी खणली, कोणते मूल कोणत्या पावसातले, हे सारे तिच्यापाशी होते आणि ते तिने आतल्या आत मिटवून टाकले. मी फलक लिहिणे सोडले, कारण कोणतीही तारीख लिहिताना हात थबकू लागला. काही वर्षांनी ते म्हातारे अर्जनवीस गेले आणि त्यांच्या जागी मी टेबल मांडले. लोकांना वाटते मी विद्येच्या बळावर येथे बसलो.

दादाचे लग्न झाले नाही. दोनदा बोलणे निघाले. मुलीकडचे काय विचारतात ते त्याला ऐकू आले नाही, आणि कायम नोकरी नव्हती. पुढे तो कारखाना बंद पडला आणि तो एव्हरशाईन सिटीत एका इमारतीच्या फाटकावर बसू लागला. तेथे गाड्यांचे भोंगे त्याला ऐकू येत नाहीत म्हणून रहिवासी रागावत. दिव्यांची उघडझाप पाहून तो फाटक उघडायला शिकला.

आई आजारी पडली तेव्हा पंधरा दिवस मी तिच्या उशापाशी होतो. एके दुपारी ती म्हणाली, "वामन्या, मी सकाळच बोलली होती ना रे? रेडिओचं मी खोटं नव्हती बोलली ना?" मी म्हणालो, "नाही आई, तू झोप." याहून अधिक बोललो नाही. ती गुरुवारी गेली. वार मला आता आठवतात.

मृत्यूच्या नोंदीचा अर्ज मीच भरीत होतो. दादा शेजारी बसला होता. त्यात मृताच्या जन्मतारखेचा रकाना होता. आई शाळेत गेली नव्हती. तिला एक जूनही मिळाला नव्हता. गावातल्या सगळ्यांचे दिवस तिला ठाऊक होते आणि तिचा दिवस तिला कोणी विचारला नव्हता, मीही नाही. मी अंदाजाने वर्ष लिहिले आणि सवयीने पेन एक जूनकडे वळले. दादाने माझे मनगट धरले. "तिला तरी दुसरा दिवस दे," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात.

तेव्हा मी सांगितले. पहिल्यांदा हळू सांगितले, ते त्याला ऐकू गेले नाही. मग मला ओरडावे लागले. सुतकाच्या घरात, शेजारीपाजारी बसलेले असताना, मी भावाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "वीस मी लिहिलं होतं! तिने आकडा सांगितलाच नव्हता! मी लिहिला होता!"

ओसरीवरच्या माणसांनी माना वळवल्या. फिलू मावशीने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला.

दादा माझ्याकडे पाहून म्हणाला, "ओरडू नको. मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मावशीनं सांगितलं." पुढे म्हणाला, "मी वाट बघत होतो, तू तिला कधी सांगतोस त्याची. मला कशाला सांगतोस?"

त्याने माझे मनगट सोडले आणि उठून बावखलाकडे निघून गेला. अर्ज पुढ्यात होता. रकाना कोरा ठेवला तर कारकून अर्ज परत करतो, हे मला धंद्यामुळे ठाऊक होते. मी पेन उचलले आणि लिहिले: एक जून. अक्षर नेहमीसारखेच चांगले आले.